राख लावलेल्या बिया

मी अकरा झाडं तोडली. माझ्याच हातानं लावलेली, माझ्याच हातानं तोडली, आणि तोडताना मला बरं वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी कीव करत बसायला नको.

झाडं कोकोची. चॉकलेट ज्याच्या बियांचं करतात ना, तो कोको. आमची पोफळीची बाग देवरुखापासून वर, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला आहे. पोफळी सासऱ्यांच्या, माड त्यांच्याही वडिलांचे, मिरीचे वेल दिरांनी चढवलेले. घरात सून म्हणून येऊन मला चाळीस वर्षं होत आली तरी त्या बागेत माझं म्हणावं असं एक रोप नव्हतं. यजमान गेले त्याच्या पुढल्या वर्षी मी कोकोची एकोणीस रोपं आणली आणि पोफळींच्या सावलीत लावली. कुणाला विचारलं नाही. उन्हाळ्यात पाटाचं पाणी त्यांच्याकडे वळवलं, शेण घातलं, खोडाला वाळवी लागली तेव्हा नखांनी खरवडून काढली. चौथ्या वर्षी फणसासारखी थेट खोडावर फळं धरली. पहिलं फळ मी दगडावर आपटून फोडलं. आत पांढऱ्या गराच्या बिया, एकमेकींना चिकटून बसलेल्या. गर गोड. बी चावली तर तोंड आवळून आलं, कच्ची सुपारी चघळावी तसं. आतून गर्द जांभळी.

मी सातवी शिकलेली. बाकीचं जे काही येतं ते ऐकून, वाचून आणि भाचीला छळून. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. तिला मी फोनवर विचारलं की बी एवढी तुरट का. ती म्हणाली, मावशी, तो तुरटपणा म्हणजे फिनॉल. एक नाही, बऱ्याच जाती आहेत त्यांच्या. काजूच्या बोंडात असतात, सुपारीत असतात, चहात असतात. तुझ्या झाडाच्या बियांत कुठली आणि किती आहेत ते आमच्या यंत्रावर बघता येईल.

ते यंत्र मी पाहिलंय. डोळ्याच्या ऑपरेशनला तिच्याकडे राहिले होते तेव्हा एक दिवस ती मला घेऊन गेली. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. मला वाटलं होतं, काहीतरी नाजूक असेल. तर कसलं काय. बी आधी हाडं गोठतील अशा थंडीत घालतात आणि खलात ठेचून पीठ करतात. त्यातलं तेल काढून टाकतात, मग अर्क काढतात. तो अर्क एका बारीक नळीतून पुढे ढकलतात. नळीत काहीतरी भरलेलं असतं, त्यातून वाट काढताना कोण लवकर सुटतं, कोण अडकून राहतं, असे सगळे वेगळे होतात. बाहेर पडला की सुईच्या टोकावर विजेचा तडाखा. थेंब फुटतो, त्याचे आणखी बारीक थेंब फुटतात, शेवटी नुसता तो पदार्थ उरतो, आणि त्याला हवा काढून घेतलेल्या पोकळीत भिरकावतात. तिथे त्याचं वजन होतं. आणि वजनावरून ओळख पटली नाही तर त्याला वायूवर आपटतात. आपटून आपटून तुकडे करतात आणि तुकड्यांची वजनं घेतात.

भाची पडद्यावर बोट ठेवून सांगत होती. दोनशे एकोणनव्वदवर रेघ उभी राहिली की ती एपिकॅटेचिन असावी, फिनॉलांतलीच एक. तिला आपटलं की दोनशे पंचेचाळीसचा तुकडा निघतो, दोनशे पाचचा निघतो, एकशे एकोणऐंशीचा निघतो. तिची एक बहीण आहे, कॅटेचिन. वजन तेच, तुकडेही जवळजवळ तेच. मी विचारलं, मग ओळखता कशी? तर म्हणाली, आपटून नाही ओळखता येत. नळीतून आधी बाहेर येते ती कॅटेचिन, मागून येते ती एपिकॅटेचिन.

मला ते यंत्र फार आवडलं. त्या राकटपणासाठीच आवडलं, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर मी जावेला सगळं सांगितलं. जाऊ म्हणजे धाकट्या दिरांची बायको. आम्ही दोघी एका पडवीत बसून सुपाऱ्या सोलणाऱ्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे आपल्या सासूसारखंच की बाय, आपटल्याशिवाय माणूस कळायचं नाही.

आता वांदरांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून पेटलं. कोकोला फळं धरायला लागल्यापासून काळतोंड्या वांदरांचा कळप बागेत येऊ लागला. फळ तोडायचं, फोडायचं, गर चोखायचा, बिया थुंकायच्या. तेवढ्यावर राहतील तर वांदर कसले. कोको झाला की माडावर. कोवळी शहाळी पिरगळून खाली टाकायची, एक घोट प्यायली न प्यायली की दुसरं. दिरांनी गोफण केली, फटाके लावले, पाइपात कार्बाइड घालून बार काढले. पहिले दोन दिवस पळाली, तिसऱ्या दिवशी बार काढणाऱ्याकडे बघत बसली. एका सकाळी जाऊ पाटावर भांडी घासत होती. एक मोठा नर फळ घेऊन तिच्या मागेच उतरला. ती दचकून वळली आणि त्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला. मी धावत गेले तेव्हा पाटातलं पाणी लाल होऊन खालच्या पोफळीकडे चाललं होतं. मांस लोंबत होतं. तिला टाके पडले, सुया घ्याव्या लागल्या, दोन महिने लंगडत होती.

दीर तेव्हापासून माझ्याशी धड बोलेनात. बोलायचे ते झाडांविषयी. ही झाडा हायत तवर वांदर हायत, एवढंच. त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

आमच्याकडे वर्षाला बागेच्या राखणदाराला राखण देतात. राखणदार म्हणजे बागेच्या वरच्या कोपऱ्यातला शेंदूर लावलेला धोंडा. त्याला कोंबडा. त्या वर्षी कोंबडा दिरांनी धरला होता आणि एका घावात मान उडाली नाही. अर्धी तुटली, कोंबडा हातातून सुटला आणि तसाच पोफळींतून धावला, कोकोच्या खोडांवर रक्त उडवत. दिरांनी ते माझ्याकडे बघून बघून सगळ्यांना दाखवलं. राखणदाराला ही झाडं नको आहेत म्हणाले. मला राग आला. कोयतीला धार नव्हती त्याचं खापर झाडांवर. मी तिथेच, धोंड्यावर हात ठेवून, चार माणसांसमक्ष बोलून गेले. भाचीकडे बिया पाठवते. तिच्या यंत्रावर त्यांच्यात काही निघालं तर झाडं राहतील. नाही निघालं तर मीच तोडीन.

असा शब्द आमच्याकडे मागे घेत नाहीत.

भाचीनं फोनवर सगळं नीट समजावलं होतं. एक वाटा ताज्या बियांचा. बाकीचे टोपलीत केळीच्या पानांखाली दडपून ठेवायचे, दर दोन दिवसांनी एक वाटा बाजूला काढायचा. पानांखाली बिया तापतात. हात घातला तर चटका बसतो. शिरक्यासारखा वास सुटतो, आणि त्या उष्णतेत आतला कोंब मरतो. कोंब मेला की जांभळं तपकिरी होतं, तुरटपणा उतरतो. ताज्या बीत फिनॉल जास्त, दडपलेल्या बीत कमी, हा उतार तिला यंत्रावर बघायचा होता. वाळवून, पिशव्यांवर दिवस लिहून पाठव म्हणाली.

मी वाळवल्या. आणि वाळवण्याआधी, आमच्याकडे काकडीचं, पडवळाचं, भोपळ्याचं बी ठेवताना जे करतात तेच केलं. चुलीतली राख चाळून घेतली आणि ओल्या बियांना चोळली. मार्गशीर्षातलं दव, बियांना बुरा आला असता, मुंग्या लागल्या असत्या. चार दिवस खळ्यात वाळत ठेवल्या, मग राख झटकली, फडक्यानं पुसल्या. तांदूळ धुतले हे कुणी कुणाला सांगतं का? तसं ते. सांगायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. उलट मी आपली खूश, की सगळ्या पिशव्यांना सारखी काळजी घेतली.

दीड महिन्यानं भाचीचा फोन आला. तिचा आवाज पडलेला होता. म्हणाली, मावशी, काही कळत नाहीये. ताज्या बियांतही काही नाही. दोनशे एकोणनव्वदला रेघ उठायला हवी तिथे नुसता कचरा. तिनं मोबाइलवर चित्र पाठवलं. इतर कुठल्याशा बागेच्या बियांची रेघ माडासारखी उभी आणि माझी जमिनीला टेकलेली. मी पुन्हा बघते म्हणाली, दोन दिवस दे.

मी दोन दिवस घेतले नाहीत. घरात लपवलंही नाही. संध्याकाळी पडवीत सांगून टाकलं की काही निघालं नाही. दिरांनी विडी विझवली. सकाळी माणसं आणतो म्हणाले. मी म्हटलं, माणसं नकोत. शब्द माझा होता.

सकाळी न्याहारीनंतर मी कुऱ्हाड घेऊन उतरले. दीर पाटाच्या कडेला उभे, जाऊ पायरीवर बसलेली.

कोकोचं लाकूड मऊ असतं, ओलं असतं. पहिला घाव बसला तेव्हा कुऱ्हाड आत रुतून बसली आणि ओढून काढताना खोडातून चिकट पाणी आलं. दुसरा घाव खोडावरच्या फळावर बसला. फळ फुटून त्यातल्या बिया पांढऱ्या गरासकट बाहेर लोंबल्या, कोंबडीच्या पोटातनं आतडी ओढावीत तशा. पहिलं झाड पाडताना मी रडत होते. दुसरं पाडताना रडणं थांबलं. तिसऱ्यापासून मला चव आली. हे कसं सांगावं कळत नाही, पण सांगते. एका घावाला मला सासूबाई दिसत होत्या, एका घावाला यजमान, ज्यांनी एकदा भात करपला म्हणून तापलेला टोप माझ्या पाठीवर टाकला होता. एका घावाला ते सगळे लोक, ज्यांनी बागेत मला नुसतं पाणी धरायला ठेवलं. चार दशकांत मी कुणावर हात उचलला नव्हता. तो सगळा हात त्या झाडांवर पडत होता. माझीच झाडं, माझ्या बाजूची एवढीच काय ती त्या बागेत, आणि मी त्यांच्यावर तुटून पडले होते. पदर सुटला, तोंडावर चीक उडाला, तळहाताची कातडी सोलून दांडा लाल झाला. दीर एकदा म्हणाले, वयनी, दम खावा. मी खाल्ला नाही.

अकरावं झाड पडलं तेव्हा पायरीवर ठेवलेला माझा फोन वाजला. जावेनं उचलला आणि आणून माझ्या कानाला लावला, कारण सोललेल्या हातांनी मला तो धरता येत नव्हता.

भाची म्हणाली, "मावशी, बिया सुकवताना त्यांना काही लावलं होतंस का?"

"काय लावणार? राख."

 मग म्हणाली, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना. चाळून."

मग तिनं सांगितलं. राख म्हणजे क्षार. ओल्या बीला क्षार चोळून ती हवेवर ठेवली की फिनॉल काळवंडतात, मोडतात, त्यांचं दुसरंच काहीतरी होऊन बसतं. यंत्राला दिसतील असे राहतच नाहीत. तिला पिशवीच्या तळाशी करडी पूड दिसली होती. झाडांत काही खोट नाही मावशी, म्हणाली, आपण पुन्हा करू. ती आनंदानं बोलत होती. तिला बिचारीला काय ठाऊक मी कुठे उभी आहे ते.

मी कुऱ्हाड खाली टाकली. दिरांना सांगितलं की चूक माझी होती, राखेची होती, आता एकही झाड तोडायचं नाही. त्यांनी ऐकलं. मग वाकून कुऱ्हाड उचलली.

"वयनी, राखणदाराला काय सांगू? राख व्हती म्हनून?" म्हणाले, आणि बाराव्या झाडाकडे निघाले.

माझ्या पायाशी एक न फुटलेलं फळ पडलं होतं. कोकोचं फळ नारळाएवढं जड, सालीला धारा. मी ते देठाकडून उचललं आणि त्यांच्या कानशिलावर घातलं. मारायचंच म्हणून घातलं. धमकी द्यायला नाही. ते गुडघ्यावर पाटात पडले, कान फाटून मानेवरून रक्त उतरलं. उठताना त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली होती. पातं नव्हे, दांडा आला. मी हात आडवा घातला आणि मनगटात वाळकी शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. दुखलं नाही लगेच. मी दुसऱ्या हातानं त्यांचे केस धरले. दोघंही चिखलात, साठीच्या पुढची माणसं, तोंडातून शिव्या, ज्या आम्ही एकमेकांना कधी दिल्या नव्हत्या. मी त्यांचा अंगठा चावला. त्यांनी माझं डोकं पडलेल्या खोडावर आपटलं. एकदा नाही, दोनदा.

तिसऱ्यांदा आपटलं नाही, कारण जाऊ आली. लंगडत आली. ना मला धरलं ना त्यांना. बाराव्या झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि साडी वर करून पोटरी दाखवली. टाक्यांची जागा अजून जांभळी होती.

"वांदर मना चावला," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमाला न्हाय. माज्या नावानं झाडा तोडू नुका."

मग माझ्याकडे वळली. "आनि बाय, धोंड्यावर हात ठेवलात तवा मना इचारलात? वांदर आलं तर उद्या पन मीच जानार भांडी घासाया. मना कोनी इचारलाच न्हाय."

आम्ही दोघं चिखलातच बसलेलो. दिरांच्या बाजूला पडलेली कुऱ्हाड तिनं उचलली, लाकडाच्या खोलीत नेऊन ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली कंबरेला. ती अजून तिथेच आहे. सरपण फोडायचं तर आम्ही तिला हाक मारतो.

देवरुखाला आम्ही तिघं एकाच रिक्षात गेलो. मधे जाऊ, एका बाजूला कानाला टॉवेल लावलेले दीर, दुसऱ्या बाजूला पदराच्या झोळीत हात अडकवलेली मी.  डॉक्टरांनी दिरांना विचारलं काय झालं, तर म्हणाले, माडाची झावळ पडली. मग मला विचारलं. मीही तेच म्हटलं. डॉक्टर आळीपाळीनं बघून म्हणाले, एकच झावळ? आणि त्या अंगठ्यावर दात दिसतायत ते झावळीचे का? जाऊ हसली. मग मीही हसले आणि डोक्यातून निघालेली कळ पायापर्यंत गेली.

माझ्या हाताला प्लास्टर होतं, तेव्हा दुसऱ्या खेपेच्या बिया जावेनं केल्या. फळ दगडावर ठेवून दांडक्याच्या एका घावात फोडायची, मला ते एका घावात कधी जमलं नव्हतं. या खेपेस राख नाही, वाळवणं नाही, चुलीच्या जवळही न्यायच्या नाहीत. भाचीनं सांगितलं होतं, ताज्या गरासकट आणि टोपलीतल्या काढल्या तशाच पिशव्यांत भर आणि बर्फात पाठव. मासेवालीकडून थर्मोकोलचा डबा मागून आणला. तो घेऊन दीर स्वतः एस.टी.नं भाचीकडे गेले. मी सांगितलं नव्हतं. डबा मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, आणि शेजारच्या माणसानं बांगडे का म्हणून विचारलं तर डबा पोटाशी ओढला.

या वेळी निघालं. भाचीनं फोन स्पीकरवर घ्यायला सांगितला आणि पडवीत आम्हा तिघांना वाचून दाखवलं. दोनशे एकोणनव्वदला दोन रेघा, कॅटेचिन थोडी, एपिकॅटेचिन उंचच उंच. पाचशे सत्त्याहत्तरला प्रोसायनिडिन, म्हणजे त्या दोघींसारख्या दोन एकमेकींना जोडलेल्या. आपटल्यावर त्यातून दोनशे एकोणनव्वदचा तुकडा निघाला म्हणून खात्री पटली. जांभळा रंग कशानं येतो त्याचं नाव वेगळं. टोपलीत दडपलेल्या बियांत हे सगळं दिवसागणिक उतरत गेलेलं, जसं उतरायला हवं तसं. उरलेल्या आठही झाडांच्या बिया तिनं वेगवेगळ्या बघितल्या होत्या आणि कुठलीही दोन झाडं सारखी नव्हती. एका झाडात इतकं निघालं, की हे असंच दुसरं कुठे आहे का मावशी, म्हणून ती विचारत होती. जाऊ म्हणाली, आणखी एकदा वाचा. भाचीनं आणखी एकदा वाचलं.

फोन बंद झाल्यावर दीर सुपारी कातरू लागले. कानाची पाळी शिवलेली, थोडी खाली ओघळलेली. माझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून पुरता वळत नव्हता. आजही वळत नाही.

"त्या अकरांत पन असंल?" त्यांनी विचारलं.

"असणार."

"किती?"

मी म्हटलं, "ते आता कळायचं नाही. तोडायच्या आधी बघायला हवं होतं."

"कोनी?"

"मी, भावजी."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि कातरलेली सुपारी माझ्या बाजूला सरकवली.